जवान आमचे, धातू मात्र परक्यांचा?

पहिल्या महायुद्धात आपल्या अपशिंगे मिलिटरीचे ४६ जवान कामी आले. आजही घराघरात फौजी. भाषणात हे सांगताना पुढाऱ्यांची छाती फुगते. पण फौजेच्या गाडीचा एक सुटा भाग साताऱ्यात, कुपवाडात का बनू नये म्हटलं, की सगळे गप्प!

टायटॅनियमचंच घ्या. पोलादाची घनता ७.८, याची ४.५. वजन ४० टक्के कमी, ताकद चांगल्या पोलादाच्या तोडीची, वर गंजत नाही. एम-७७७ तोफ याच धातूच्या जोरावर सव्वाचार टनांत बसते आणि हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येते. अशा १४५ तोफा आपण २०१६ साली करार करून अमेरिकेकडून घेतल्या.

"महाग पडतं हो!" मान्य. पण का? खनिज तर रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे. पैसा जातो धातू काढण्यात, आणि मग ठोकळा घासून भाग बनवण्यात. बराच माल लेथखाली भुगा होऊन पडतो. पावडर मेटलर्जीत हाच भुगा, स्वच्छ असेल तर, हायड्रोजनमध्ये तापवून ठिसूळ करतात, दळतात, साच्यात दाबतात आणि व्हॅक्यूम भट्टीत पक्का करतात. भाग जवळपास तयार मापातच बाहेर येतो.

सोपं नाही, हेही सांगतो. बारीक पावडर पेट घेते. ऑक्सिजन जास्त शोषला तर भाग तडकतो. म्हणून सुरुवात चिलखतापासून नको, कमी जोखमीच्या ब्रॅकेट-लिव्हरपासून करा. जॉबवर्कवर जगणाऱ्या एकट्या शेडवाल्याला भट्टी आणि तपासणीचा खर्च झेपणार नाही, हेही उघड आहे.

मग साखर कारखाने काय एकेकट्याने उभे केले होते? शेअर गोळा केले, कारखाना सगळ्यांचा झाला. तसंच भट्टीचं करा. सांगलीत वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे, कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून. यातल्या एका ठिकाणी सामायिक भट्टी आणि प्रयोगशाळा बसवा. हैदराबादला पावडर मेटलर्जीची केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्याशी जोडून घ्या.

डिफेन्स कॉरिडॉर २०१८ साली उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला गेले. त्याचं रडगाणं पुरे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा कुठला कॉरिडॉर होता?

पोरं इंजिनिअर होतात आणि चाकणची एसटी धरतात. मतं मागायला येणाऱ्याला फ्लेक्सवरच्या घोषणा विचारू नका. एवढंच विचारा: भट्टी कुठं बसवताय, आणि कधी?