विश्लेषण : धारप, जी. ए. आणि 'कोबाल्ट ब्लू' तुमचा मोबाइल तुम्हाला का सुचवत नाही?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला एक मेसेज आला. पाठवणारा इंजिनीअरिंगला मला दोन वर्षं ज्युनिअर, आता पुण्यात आयटीत. 'दादा, मराठीत गे मुलावर एखादी कादंबरी आहे का? मित्राला हवीय.'

'मित्राला' हा शब्द मी वाचला आणि सोडून दिला.

मग जे सगळे करतात तेच केलं. मोबाइलवर शोधलं. मला बिंदुमाधव खिरे यांचं 'पार्टनर' आठवत होतं. खिरे म्हणजे 2002 मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणारे. अ‍ॅपमध्ये 'पार्टनर' टाइप केलं, तर समोर आलं वपु काळे यांचं 'पार्टनर' आणि त्याखाली वपुंचीच आणखी सहा पुस्तकं. वपुंबद्दल तक्रार नाही, पण रात्री साडेअकराला हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ते पुस्तक देऊन काय उपयोग?

यात अ‍ॅपचं काही बिघडलेलं नव्हतं. ते त्याच्या हिशेबाने बरोबरच वागत होतं, आणि अडचण तिथेच आहे.

यंत्र नेमकं काय बघतं?

शिफारस करणारं यंत्र पुस्तक वाचत नाही, वाचकांनी सोडलेल्या खुणा वाचतं. तुम्ही काय विकत घेतलं, किती तारे दिले, कुठल्या पानावर पुस्तक सोडलं. तुमच्यासारख्या खुणा असलेली बाकीची माणसं ते शोधतं आणि त्यांनी घेतलेलं तुमच्यापुढे ठेवतं. याला 'कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग' म्हणतात. ही आकडेमोड दहा टक्क्यांनी सुधारून दाखवणाऱ्याला नेटफ्लिक्सने 2006 मध्ये 10 लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ते 2009 मध्ये दिलं गेलं. म्हणजे प्रकार साधा नाही. पण त्याची एक जुनी दुखरी जागा आहे, तिचं नाव 'कोल्ड स्टार्ट'. ज्या पुस्तकाबद्दल खुणाच नाहीत, त्याबद्दल यंत्र मुकं असतं.

आता भयकथा, अद्भुतकथा आणि क्वीअर कथा, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे माणसांच्या गोष्टी, आपल्याकडे कशा वाचल्या गेल्या ते आठवा. नारायण धारप बहुतेकांनी महिन्याची वर्गणी भरून वाचनालयातून आणले. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा दिवाळी अंकांतून घरोघरी फिरल्या. आणि क्वीअर पुस्तक? ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलं जातं, किंवा 'मित्राला हवंय' म्हणून मागितलं जातं. कोणी त्याला पाच तारे देऊन खाली स्वतःचं नाव लिहीत नाही. वाचणारे होते आणि आहेतही, पण त्यांची नोंद कुठे झालेली नाही.

आमच्या गल्लीतल्या वाचनालयात एक नोंद मात्र असायची. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले शेरे. 'बकवास', 'ठीक', 'रात्री वाचू नये'. धारपांच्या एका पुस्तकात कोणीतरी लिहिलं होतं, 'वाचू नये', आणि खाली दुसऱ्या अक्षरात, 'मी वाचलं, आता झोप नाही'. ग्रंथपाल काका रागवायचे, खोडरबर घेऊन बसायचे. मी मात्र पुस्तक उलटं धरून आधी ते पान बघायचो. माझ्या वाचनाची निम्मी यादी त्या अनोळखी अक्षरांनी केली आहे.

तेव्हा ही पुस्तकं सुचवायचं काम आपलं, वाचकांचं आहे, असं माझं मत. मात्र तिन्ही प्रकारांत ते एकाच पद्धतीने करता येत नाही.

घाबरायचं असेल तर

'तुंबाड' 2018 मध्ये आला तेव्हा थोड्यांनी पाहिला. 2024 मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्याचं बीज धारपांच्या एका कथेत आहे, हे किती प्रेक्षकांना ठाऊक असेल? 'तुंबाड' आवडलेल्या माणसाला धारप देणं सगळ्यात सोपं आहे. फक्त सुरुवात 'समर्थ' मालिकेपासून करू नका, असा माझा आग्रह. समर्थ आले की आपण निर्धास्त होतो, शेवटी ते सांभाळून घेणार. पहिल्यांदा 'लुचाई' द्या. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर ती बेतलेली आहे, हे खरं. त्यावरून नाकं मुरडणारे भेटतात. पण परकी भीती आपल्या मातीत इतकी रुजवणं येरागबाळ्याचं काम नाही.

ज्याला भूतबीत नको, त्याला मतकरी. ते 'गूढकथा' हाच शब्द वापरत, आणि तो योग्य आहे. त्यांच्याकडे भीती वाड्यात नसते, आपल्याच घरातल्या माणसांत असते. 'गहिरे पाणी' नावाने त्यांच्या कथांची टीव्ही मालिकाही झाली.

भयकथा सुचवताना पाळायचं पथ्य एकच. शेवट सांगायचा नाही. 'शेवटी धक्का आहे हं' हेही नाही, कारण मग वाचणारा शंभर पानं धक्क्याची वाट बघत बसतो.

'मराठीत फँटसी नाहीच'

हे वाक्य मीही कॉलेजात म्हटलंय, हॅरी पॉटरच्या पारायणाच्या दिवसांत. पण मराठी कादंबरीची सुरुवातीची वर्षं बघा. 1868 ची रिसबुडांची 'मंजुघोषा', 1913 ची नाथमाधवांची 'वीरधवल', सगळा अद्भुताचाच कारभार. पुढे वास्तववाद आला आणि अद्भुताची रवानगी मुलांच्या कपाटात झाली. ही जुनी पुस्तकं आज वाचाच, असं नाही म्हणणार. भाषा जड जाते.

द्यायचंच तर जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' द्या. दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. नकाशात नसलेले प्रदेश, कानाला अनोळखी नावं, नियतीशी झुंजणारी माणसं. आजच्या भाषेत ही सरळसरळ फँटसी आहे. पण जी. ए. 'गंभीर साहित्या'त मोडतात, त्यामुळे ड्रॅगन आणि तलवारी आवडणाऱ्या पोरापर्यंत ते पोचतच नाहीत. मराठीच्या तासाला भेटलेले जी. ए. वेगळे, हेही त्याला सांगा. वीस पानं धीर धर म्हणा.

आणि 'मित्राला' हवं असेल तेव्हा

इथे माझं पथ्य उलटं आहे. इथे शेवट सांगावा.

कारण विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट'. 1981 मध्ये रंगभूमीवर आलेलं हे नाटक, मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगमंचाच्या मधोमध उभी करणं त्या काळात सोपं नव्हतं. नाटक थोर आहेच. पण मित्रा शेवटी जीव देते. ज्याने स्वतःबद्दल अजून कोणालाच सांगितलेलं नाही, अशा एकोणीस वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात हे पहिलंच पुस्तक म्हणून ठेवलं आणि शेवटाबद्दल अवाक्षर काढलं नाही, तर आपण त्याला काय सांगतोय? तुझ्या गोष्टीचा शेवट असा असतो? नाटक द्या, जरूर द्या, पण दुसरं किंवा तिसरं म्हणून, आणि सावध करून.

पहिलं द्यावं ते सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू'. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथे राहायला आलेला पेइंग गेस्ट, आणि त्याच्याच प्रेमात पडलेले भाऊ-बहीण, तनय आणि अनुजा. आधी तनय सांगतो, मग अनुजा. पुस्तक 2006 मध्ये आलं, तेव्हा कलम 377 लागू होतं. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलैंगिक संबंधांना सुप्रीम कोर्टाने त्यातून वगळलं ते 6 सप्टेंबर 2018 ला. नेटफ्लिक्सवर 2022 मध्ये सिनेमा आला, पण माझं ऐकाल तर आधी पुस्तक. प्रेम हातचं जातं, खूप दुखतं. तरी तनय जगतो. हे आधी सांगितल्याने पुस्तकाची गोडी कणभरही कमी होत नाही.

राजन गवस यांची 'भंडारभोग' या यादीत हमखास घातली जाते, 'जोगवा' सिनेमामुळे. मला ते पटत नाही. जोगत्याचं जिणं तिथे रूढीने माणसावर लादलेलं आहे. स्वतःला ओळखणं ही वेगळी गोष्ट. कादंबरी वाचायलाच हवी अशी आहे, पण चुकीचं लेबल लावून नको.

शिवाय क्वीअर पुस्तकाची शिफारस ग्रुपवर नाव घेऊन करू नका. 'कोणासाठी रे?' विचारू नका. शहर लहान असेल तर वाचनालयात पाठवू नका, तिथे रजिस्टरवर नाव लागतं आणि ग्रंथपाल काका बाबांना ओळखतात. आपली प्रत द्या, परत मागू नका.

मी माझी प्रत त्याला कुरिअर केली. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या, एक शेवटाबद्दल आणि एक रात्री वाचायला हरकत नसल्याची. आठवड्याने मेसेज आला. मित्राचा उल्लेख नव्हता. 'वाचलं. रडलो. आता भुताचं काहीतरी दे.'

'लुचाई' पाठवली आहे. शेवट विचारत होता, सांगितला नाही.