विश्लेषण : इंजेक्शन की शस्त्रक्रिया? प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णाला पूर्ण माहिती का मिळत नाही?

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला की उपचाराची सुरुवात आजही शरीरातील टेस्टोस्टेरॉन रोखण्यापासूनच होते. या उपचाराचा पाया डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये घातला आणि त्यासाठी १९६६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्यानंतर औषधे बदलली, रुग्णांचे आयुष्यही वाढले. पण कोणता पर्याय कशासाठी निवडायचा, त्याची शरीराला काय किंमत मोजावी लागते, हे आपल्याकडे बहुतेकदा रुग्णाला सोडून इतरांनाच सांगितले जाते. हे बदलायला हवे.

हगिन्स यांनी नेमके काय शोधले?

हगिन्स यांचा जन्म १९०१ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्सचा. शिकागो विद्यापीठात ते मूत्ररोग शल्यविशारद होते. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी छोटी ग्रंथी. कुत्र्यांमध्येही ती वयाबरोबर वाढते, म्हणून त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. टेस्टोस्टेरॉनचा पुरवठा थांबला की ग्रंथी आक्रसते, पुन्हा दिला की फुगते, हे त्यांना दिसले.

पुढचा प्रश्न धाडसी होता. ग्रंथीत कर्करोग झाला असेल, तर तोही याच संप्रेरकावर पोसला जातो का? हे मोजायला त्यांच्या हाताशी रक्तातील अॅसिड फॉस्फटेज हे विकर होते. कर्करोग हाडांत पसरला की त्याचे प्रमाण वाढते, हे तेव्हा नुकतेच कळले होते. हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी रुग्णांच्या अंडग्रंथी काढल्या किंवा त्यांना इस्ट्रोजेन दिले, तेव्हा हे प्रमाण घसरले. टेस्टोस्टेरॉन टोचल्यावर ते वाढले. हाडांच्या वेदनांनी खिळलेल्या अनेक रुग्णांना आराम पडला.

कर्करोगाची पेशी एकदा बेलगाम झाली की ती कुणाचेच ऐकत नाही, असा तोवरचा समज होता. हगिन्स यांनी त्याला छेद दिला. काही कर्करोग शरीरातील संप्रेरकांवर अवलंबून असतात आणि तो पुरवठा तोडून त्यांना रोखता येते, हे त्यांनी मोजून दाखवले.

मग इंजेक्शने कुठून आली?

अंडग्रंथींना टेस्टोस्टेरॉन तयार करण्याचा आदेश मेंदूकडून येतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो, ते पिट्युटरी ग्रंथीला चाळवते आणि पिट्युटरी अंडग्रंथींना. या साखळीतील पहिल्या संप्रेरकाची रचना अँड्र्यू शॅली यांच्या चमूने १९७१ मध्ये उलगडली. १९७७ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते.

गंमत अशी, की या संप्रेरकासारखे औषध सतत देत राहिले तर पिट्युटरी थकते आणि आदेश देणेच थांबवते. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने याच तत्त्वावर चालतात. अमेरिकेत १९८५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. शस्त्रक्रिया न करता तोच परिणाम मिळू लागला. मात्र पिट्युटरी थकण्याआधी सुरुवातीचे काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. मणक्यात गाठ असून पाय लुळे पडू लागलेल्या रुग्णाला ही वाढ धोक्याची ठरू शकते. त्यामुळे अशा वेळी जोडीला दुसरे औषध देतात किंवा वेगळा पर्याय निवडतात. शस्त्रक्रियेनंतर टेस्टोस्टेरॉन काही तासांतच खाली येते, ही बाब इथे महत्त्वाची ठरते.

इंजेक्शन घेतले तर ‘पुरुषत्व’ टिकते का?

सर्वात मोठा गैरसमज हाच. ‘शस्त्रक्रिया नको, इंजेक्शन द्या, निदान पुरुषपण तरी राहील’, या समजुतीने अनेक कुटुंबे महागडा मार्ग धरतात. प्रत्यक्षात दोन्ही उपचारांचा हेतू एकच, टेस्टोस्टेरॉन अगदी तळाला नेणे. कामेच्छा कमी होणे, लैंगिक क्षमता घटणे हे दोन्हीत होते. प्रौढ माणसाचा आवाज दोन्हीत बदलत नाही. शस्त्रक्रियेत बहुधा आतील ग्रंथी काढतात, बाहेरची पिशवी राहते.

खरा फरक वेगळा आहे. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि तिचा परिणाम कायमचा असतो. इंजेक्शन दर महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा त्याहून अधिक अंतराने घ्यावे लागते. ते थांबवले की संप्रेरक हळूहळू परत येऊ शकते, वय जास्त असेल तर पूर्ण परत येईलच असे नाही. म्हणून किरणोपचारांच्या जोडीला काही महिने किंवा दोन-तीन वर्षेच संप्रेरक रोखायचे असेल, तर इंजेक्शन हाच योग्य मार्ग. पण रोग पसरलेला आहे, उपचार आयुष्यभर चालणार आहे आणि रुग्णालय घरापासून शंभर किलोमीटरवर आहे, अशा वेळी शस्त्रक्रिया हा मागासलेला नव्हे, अनेकदा शहाणपणाचा पर्याय असतो. पेरणीच्या दिवसांत किंवा हातात पैसे नसताना एखादे इंजेक्शन चुकले, की दबलेले संप्रेरक पुन्हा डोके वर काढते. पीएसए खाली आला म्हणजे रोग गेला, असे मानून उपचार सोडणाऱ्यांचेही असेच होते.

याचा अर्थ सर्वांनी शस्त्रक्रियाच करावी, असा नाही. सत्तरीतला माणूसही ‘मला ते नको’ म्हणू शकतो आणि त्याच्या म्हणण्याला किंमत हवी. फक्त तो नकार चुकीच्या समजुतीवर उभा नसावा.

फक्त टेस्टोस्टेरॉन रोखणे पुरेसे आहे का?

नाही. बहुतेक रुग्णांत काही काळाने रोग पुन्हा वाढू लागतो. हगिन्स यांनाही हे दिसले होते. थोडे पुरुष संप्रेरक मूत्रपिंडांवरील अॅड्रिनल ग्रंथींतही तयार होते, म्हणून १९४५ मध्ये त्यांनी काही रुग्णांच्या त्या ग्रंथीही काढून पाहिल्या. पण जगण्यासाठी लागणारी इतर संप्रेरकेही तिथेच बनतात आणि त्यांची भरपाई करण्याचे साधन तेव्हा नव्हते. प्रयत्न फसला, पण कल्पना बरोबर होती. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये विकसित झालेले अॅबिरॅटेरॉन हे औषध तेच काम गोळीने करते. त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. ते प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या जोडीने देतात. पुढच्याच वर्षी पेशीतील संप्रेरकाचे कुलूप अडवणारे एन्झालुटामाइड आले.

ही औषधे शेवटच्या टप्प्यासाठी राखून न ठेवता सुरुवातीलाच जोडली तर फायदा अधिक होतो, हे नंतरच्या चाचण्यांनी दाखवले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चार्टेड’ चाचणीत पसरलेल्या रोगात सुरुवातीलाच डोसेटॅक्सेल ही केमोथेरपी जोडल्यावर रुग्णांचे मध्यम आयुर्मान ४४ महिन्यांवरून सुमारे ५८ महिन्यांवर गेले. म्हणून रोग पसरलेला असताना नुसते इंजेक्शन देऊन थांबले असतील, तर ‘जोडीला आणखी काही देता येईल का?’ हे विचारणे रास्त आहे. वय, हृदय, यकृत पाहून डॉक्टर ‘नाही’ म्हणू शकतात, पण त्याचे कारण कळायला हवे.

खर्च कमी करता येतो का?

अॅबिरॅटेरॉन रिकाम्या पोटी रोज १००० मिलिग्रॅम घ्यायचे असते. अन्नासोबत ते शरीरात कितीतरी पटींनी अधिक शोषले जाते. यावरून शिकागो विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने ७२ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. हलक्या न्याहारीसोबत २५० मिलिग्रॅम, म्हणजे चारऐवजी एकच गोळी घेणाऱ्यांचा पीएसए पूर्ण मात्रा घेणाऱ्यांइतकाच खाली आला. चाचणी लहान होती आणि तिने आयुर्मान मोजलेले नाही. तरीही जिथे पूर्ण मात्रा परवडतच नाही, तिथे हा पर्याय डॉक्टरांसमोर असतो. रुग्णाने मात्र स्वतःच्या मनाने मात्रा घटवू नये आणि पूर्ण मात्रा जेवणासोबत तर मुळीच घेऊ नये.

आपल्या उपचाराचा कोणता भाग महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे. पैसे संपल्यावर नव्हे.

दुष्परिणामांचे काय?

याचा धडा जुनाच आहे. इस्ट्रोजेनच्या गोळ्या काही दशके सर्रास दिल्या गेल्या. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी साठच्या दशकात तुलना केली, तेव्हा रोज पाच मिलिग्रॅम घेणाऱ्यांत कर्करोगाचे मृत्यू घटले होते, पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू वाढले होते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जात होते.

आजच्या उपचारांतही हाडे ठिसूळ होतात, स्नायू झडतात, पोटाचा घेर वाढतो, साखर आणि हृदयविकाराची जोखीम वाढते. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, थकवा येतो, काहींना उदासी घेरते. यातील बरेच आटोक्यात ठेवता येते. त्यासाठी हाडांची घनता तपासणे, सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घेणे, स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, रक्तदाब आणि साखरेवर लक्ष या गोष्टी लागतात. त्या महाग नाहीत. पण ‘वयच झाले आता’ म्हणून रुग्णाची चिडचिड आणि अशक्तपणा सोडून दिला, तर कर्करोग आटोक्यात असतानाही माणूस खुबा मोडून अंथरूण धरतो.

रुग्णाला कोण सांगणार?

आपल्याकडे अहवाल मुलाच्या हातात जातो, चर्चा केबिनबाहेर होते आणि वडिलांना ‘थोडी गाठ आहे, इंजेक्शनने जाईल’ एवढेच कळते. पत्नीला तर काही विचारलेच जात नाही, जणू या उपचाराचा तिच्याशी संबंधच नाही. यामागे माया असते, संकोच असतो आणि बाह्यरुग्ण विभागातली गर्दीही असते. पण ज्या उपचाराने माणसाचे शरीर, झोप, मनःस्थिती आणि दांपत्यजीवन बदलणार आहे, तो त्याला अंधारात ठेवून सुरू करणे योग्य नाही.

पहिल्या भेटीत पाच प्रश्न विचारायला हरकत नाही. रोग पसरला आहे का? मला संप्रेरक उपचाराची खरेच गरज आहे का, कारण ग्रंथीपुरत्या मर्यादित आणि मंद कर्करोगात ती नसूही शकते? उपचार किती काळ चालेल? इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांत माझ्यासाठी फरक काय? हाडे आणि हृदय जपण्यासाठी काय करायचे? याची उत्तरे मराठीत, सोप्या शब्दांत लिहिलेले एक पान प्रत्येक कर्करोग विभागाला छापून ठेवता येईल. त्याला नवे यंत्र लागत नाही, नवे औषधही लागत नाही. ते पान मुलाच्या नव्हे, रुग्णाच्या हातात द्यावे आणि निर्णयासाठी त्याला व त्याच्या पत्नीला काही दिवस द्यावेत. मणक्यावर दाब आल्यासारखी आणीबाणी सोडली, तर तेवढा वेळ बहुतेक वेळा असतो.