सात-बारा आणि स्वप्न

मागच्या महिन्यात नातू पुण्याहून आला, तो नोकरी सोडायचे ठरवूनच. त्याला वसमतला हळद पावडरचा कारखाना टाकायचा आहे. मुलगा म्हणतो, तीन एकर गहाण ठेवू. सूनबाई गप्प. आणि निकाल द्यायचा मी! ज्याने जन्मभर खडूखेरीज कशाचा व्यवहार केला नाही, त्याने.

पोराचे म्हणणे खोटे नाही बरे का. आपल्याकडे हळद काढायची, शिजवायची, दहा-पंधरा दिवस वाळवायची, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची आणि हळकुंडे मोंढ्यावर नेऊन घालायची. इथे आपले काम संपले. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण आमच्या किराणा दुकानातल्या पुडीवर नाव असते कुठल्यातरी लांबच्या कंपनीचे. दळणातला पैसा गावात का राहू नये, हा त्याचा प्रश्न मला बिनतोड वाटतो.

अशा वेळी मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. ते मूळचे मास्तरच, म्हणून जरा जास्त जवळचे! मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. बढतीत डावलले म्हणून त्यांनी राजीनामा दिला, ही गोष्ट सगळे सांगतात. पण नोकरी चालू असतानाच ते मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवीत आणि भाऊ रामूअण्णा तिथे त्या विकीत, हे कोणी सांगत नाही. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. सुरुवातीची दोन वर्षे नांगर जवळजवळ खपेचना. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाचा माळ दिला, वर कर्जही दिले. १९१० ची ही गोष्ट. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली.

म्हणजे जिद्द होतीच, पण ती दोन वर्षे तग धरण्याची सोयही होती. यशाच्या कथांतून नेमके हेच गळते. आजची व्याख्याने ऐकावीत तर वाटते, नोकरीवर लाथ मारली की उद्योजक झालाच! आमच्या नातवाला औंधचा राजा कुठून आणायचा? आणि बँकेचा हप्ता माल खपण्याची वाट पाहत नाही.

१९७८ साली मलाही हिंगोलीत ट्रेडल छापखाना टाकायचा होता. वडील म्हणाले, "मास्तरकी सोडू नको." सोडली नाही. पुढे ऑफसेट आले, डीटीपी आले, माझा छापखाना बहुधा बसलाच असता. आज पेन्शनवर सुखात आहे. तरी लग्नसराईत कुणाची पत्रिका हातात आली की मी आधी अक्षरजुळणीच बघतो. हे नातवाला सांगितले नाही, इथे लिहितो.

त्याला म्हटले, "नोकरी ठेव. या हंगामात पाच क्विंटल हळकुंड घे, पैसे मी देतो. दुसऱ्याच्या चक्कीवर दळून घे, परवाना काढ, पुड्या भर आणि पुण्यात शनिवार-रविवारी स्वतः विक. सगळे खपले तर मशीनचे बोलू. सात-बाऱ्याला हात लावायचा नाही."

"आबा, पाच क्विंटलने काय होतंय?" म्हणाला आणि उठून गेला. सूनबाईने मात्र त्या दिवशी चहात साखर जरा जास्त घातली होती.

परवा त्याचा फोन आला. रागातच होता. विचारत होता, चक्कीवाला किलोमागे किती घेतो?