"बदलून बघू" आणि "पेट्रोलच खराब": दोघांनाही माझा सवाल

हल्ली मुखेडात कुणाचीही गाडी मिसिंग मारायला लागली की दोनच उत्तरं मिळतात. गॅरेजवाला म्हणतो, "बदलून बघू." व्हॉट्सॲपवाला म्हणतो, "ई-२० नं इंजिन खाल्लं." दोघांपैकी कुणीच काही मोजलेलं नसतं. बिल मात्र गाडीवाल्याच्या नावावर!

पुण्या-मुंबईत काही वर्षं पळालेल्या टर्बो पेट्रोल गाड्या आता आपल्याकडं परवडेल अशा भावात येतायत. पोरांना हौस आहे, असू द्या. मीही दोन महिन्यांपूर्वी अशीच एक घेतली. नरसी रोडला ओव्हरटेकसाठी पाय दाबला, की दोन हजार आरपीएमच्या पुढं गाडी अडखळायची, दोन-तीन आचके द्यायची आणि मग एकदम सुटायची. समोरून ट्रक येत असताना तो एक सेकंद म्हणजे काय, हे या रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको. एका गॅरेजनं फ्युएल पंप बदला म्हटलं, दुसऱ्यानं थेट टर्बोच. गाडीला हात लावायच्या आधीच निकाल तयार!

शेवटी स्कॅनरवाला मेकॅनिक गाठला. त्यानं पाना उचललाच नाही, स्कॅनर लावून गाडी चालवली. तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर वाढताना दिसले. मग त्यानं पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल केली. मिसफायर पहिल्या सिलिंडरवर गेला. म्हणजे दोष कॉइलमध्ये. टर्बोनं सिलिंडरमधला दाब वाढवला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, कमजोर कॉइल तिथंच मान टाकते. म्हणून हळू चालवताना गाडी ठीक आणि पाय दाबला की आचका. कॉइल आणि प्लग बदलले, गाडी सरळ झाली. तपासणी याला म्हणतात.

"मग ई-२० निर्दोष?" असं म्हणून लगेच नाचू नका. खरा मुद्दा इथून पुढंच आहे.

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. साधं पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. गाडीचा कंप्युटर ही दुरुस्ती स्वतः करतो आणि तिचा आकडा स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' म्हणून दिसतो. आता गंमत बघा. कुठं हवा गळत असेल, फ्युएल पंप कमजोर असेल, तरी तोच आकडा वाढतो! टाकीत इथेनॉल किती हेच माहीत नसेल, तर मेकॅनिकनं त्या आकड्याचा अर्थ लावायचा कसा?

त्यात सेकंडहँड गाडी. डीलरच्या आवारात महिनोन्महिने उभी. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं. पंप तळातूनच ओढतो.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ई-२० मुळं ६ ते ७ टक्के घटू शकतं. २०३० चं उद्दिष्ट अलीकडं ओढून २०२५ मध्येच २० टक्के मिश्रण गाठलं. ई-२० ला चालतील अशा सुट्या भागांच्या गाड्या मात्र एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या. त्याआधीच्या गाड्यांचं काय? इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. गडकरी साहेबांनी तर या टीकेला पैसे देऊन चालवलेली मोहीम म्हटलं. साहेब, ६-७ टक्क्यांचा आकडा सरकारच्याच अहवालातला आहे, त्याला कुणी पैसे दिले?

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. नांदेड-लातूरच्या ऊसवाल्याला चार पैसे मिळत असतील तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण त्याच ऊसवाल्याच्या पोरानं जुनी गाडी घेतली, तर त्याला टाकीत काय पडतंय हे कळू नये? "शेतकरीविरोधी" म्हणून त्याचं तोंड बंद करणार? आणि विरोधकांनीही प्रत्येक बंद गाडीचा फोटो ई-२० च्या नावानं फिरवणं थांबवावं. उद्या पुरावा लागेल तेव्हा तुमच्या खोट्यापायी खरी तक्रारही कचऱ्यात जाईल.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. प्रत्येक नोझलवर मोठ्या मराठी अक्षरांत इथेनॉलची टक्केवारी लिहा.

२. एप्रिल २०२३ आधीच्या गाड्यांसाठी तालुक्याला निदान एका पंपावर १० टक्केवालं पेट्रोल ठेवा.

३. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या पोरांना स्कॅनर वाचायला शिकवा. नुसतं पार्ट बदलणं म्हणजे मेकॅनिकी नव्हे.

आणि गाडीवाल्यांनो, तुम्हीही एक करा. गाडी मिसिंग मारली की आधी स्कॅनरचे आकडे मागा, त्याचा फोटो काढून ठेवा, कुठल्या तारखेला कुठं पेट्रोल भरलं ते लिहून ठेवा. पार्ट बदलायला सांगणाऱ्याला एवढंच विचारा: "हाच खराब आहे, हे कशावरून?" उत्तर आलं नाही, तर चावी परत घ्या.