विश्लेषण : कृत्रिम रक्तवाहिनीला चांदीचे कवच पुरेसे आहे का?

महाधमनी फुगली किंवा पायाची रक्तवाहिनी बंद झाली, की शल्यचिकित्सक अनेकदा डेक्रॉन वा पीटीएफईची कृत्रिम नळी बसवतात. डायलिसिसच्या काही रुग्णांच्या हातातही अशी नळी असते. तिला संसर्ग क्वचित होतो. पण झाला तर नळी काढावी लागते, पाय किंवा जीवही जाऊ शकतो.

प्रतिजैविके अपुरी का पडतात?

स्टॅफिलोकॉकससारखे जीवाणू नळीला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. या ‘बायोफिल्म’मध्ये औषध नीट पोहोचत नाही आणि आत सुस्तावलेले जीवाणू त्याला दाद देत नाहीत. त्यामुळे जीवाणूंना चिकटूच न देण्यावर संशोधकांचा भर आहे.

नॅनोकण काय करतात?

हे कण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे असतात. चांदीच्या कणांतून सुटणारे आयन जीवाणूंचे आवरण आणि प्रथिने निकामी करतात. झिंक ऑक्साइड आणि तांब्यावरही प्रयोग सुरू आहेत. सिकाडा कीटकाच्या पंखांवरील सूक्ष्म खांबांची नक्कल करून औषधाविना जीवाणू फोडण्याचाही प्रयत्न आहे.

मग अडचण कुठे?

नळीचा पृष्ठभाग आधी कोण व्यापणार, शरीराच्या पेशी की जीवाणू? अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला शर्यत म्हटले होते. चांदी जास्त झाली तर आपल्याच पेशी मरतात; कमी पडली तर जीवाणू तगतात. आयनांचा साठा संपतो, संसर्ग मात्र काही वर्षांनीही होऊ शकतो. चांदीला न जुमानणारे जीवाणूही आढळले आहेत. चांदीचा लेप असलेल्या नळ्या युरोपात बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत. तरीही साध्या नळ्यांपेक्षा त्या सरस असल्याचे निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

रुग्णहित कशात?

काचेच्या बशीतील यश म्हणजे रुग्णाच्या शरीरातील यश नव्हे. ‘नॅनो’ शब्दासाठी जादा किंमत मागणाऱ्या कंपनीने रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदी दाखवायलाच हव्यात. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम भारतात २०१५ पासून आहे. रुग्णालयांनी तेथे प्रत्येक बिघाड कळवला, तरच नवा लेप खरोखर तारतो की नुसता महाग पडतो, हे समजेल. तोवर निर्जंतुक शस्त्रक्रियागृह, स्वच्छ हात आणि आटोक्यातील मधुमेह यांना पर्याय नाही.