गुरुवारचा डेंटिस्ट

गेले सात महिने दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला मी बॅग उचलायचो आणि टीम लीडला सांगायचो, ‘डेंटिस्टकडे जायचंय.’ या हिशोबाने माझी चार रूट कॅनल झालीत, दोन अक्कलदाढा निघाल्यात आणि एक कॅप दोनदा पडून पुन्हा बसवलीय. प्रत्यक्षात माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत!

मी जात होतो काउन्सेलरकडे. हिंजवडीहून कर्वे रोडला सातला पोचायचं तर साडेपाचला निघायलाच हवं आणि निघायचं तर कारण द्यायलाच हवं. दात दुखतो म्हटलं की लोक लवंगेचं तेल सुचवतात. मन दुखतं म्हटलं तर काय सुचवतील, याचा अंदाज होता. शिवाय मार्चमध्ये अप्रेझल. ‘याला प्रेशर झेपत नाही’ असा शिक्का एकदा बसला की तो रूट कॅनल करूनही निघत नाही.

तर सुरुवात कशी झाली? रडारड वगैरे काहीच नव्हती. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि मग झोप नाही. तीच ईमेल चार-चार वेळा वाचायचो. रविवारी धुवायचे कपडे बुधवारपर्यंत खुर्चीवर. मित्रांचे फोन वाजू द्यायचो आणि बंद झाले की हुश्श करायचो. बिर्याणीसुद्धा पुठ्ठ्यासारखी लागायला लागली, आता बोला! सगळ्यांचा सल्ला एकच, ‘ब्रेक घे, गोव्याला जाऊन ये.’ जाऊन आलो. इथे क्युबिकलमध्ये बसून उदास असायचो, तिथे समुद्रासमोर बसून उदास होतो. वर तीन दिवसांचं हॉटेलबिल.

शेवटी अॅसिडिटी आणि थकव्यासाठी म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन सगळं तपासलं. रिपोर्ट नॉर्मल आले आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं. निदान थायरॉइड तरी निघायचा होता! सांगायला काहीतरी नाव मिळालं असतं.

मग त्यांनी एक कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न. कशात रस वाटतो का, झोप कशी आहे, भूक कशी आहे... आठ प्रश्नांची उत्तरं मी भराभर दिली, एखादा ऑनलाइन फॉर्म भरावा तशी. नववा प्रश्न होता, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का? मी म्हणालो, ‘कधी कधी.’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तोपर्यंत हे दोन शब्द मी स्वतःलाही ऐकवले नव्हते.

त्यांनी दोन नावं लिहून दिली, एक सायकिअॅट्रिस्ट आणि एक काउन्सेलर. ‘आठवड्याभरात जाऊन ये आणि मला कळव,’ म्हणाल्या. चिठ्ठी पाकिटात, क्रेडिट कार्डाच्या मागे. आठव्या दिवशी त्यांचाच फोन आला, ‘गेलास का रे?’ तो फोन आला नसता तर ती चिठ्ठी अजून तिथेच असती.

सिनेमात असतो तसा लांबलचक कोच तिथे नव्हता. दोन वेताच्या खुर्च्या, टिश्यूचा डबा आणि भिंतीवर घड्याळ. पहिली चाळीस मिनिटं मी प्रोजेक्ट, क्लायंट आणि टीम लीड यांच्याबद्दल बोललो. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘ऑफिसचं कळलं. तू कसा आहेस?’ मी ‘ठीक’ म्हणायला तोंड उघडलं आणि पुढची दहा मिनिटं तो टिश्यूचा डबा माझ्या मांडीवर होता.

त्यानंतर चमत्कार वगैरे झाला नाही. काउन्सेलर सल्ले देत नाहीत, गृहपाठ देतात. वहीत तीन रकाने आखायचे: काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय. १९६०च्या दशकात अमेरिकेत अॅरन बेक नावाच्या सायकिअॅट्रिस्टने विचार तपासून बघण्याची ही पद्धत मांडली. माझी पहिली नोंद अशी: टीम लीडचा मेसेज, ‘मोकळा झालास की ये.’ मनात आलं, नोकरी गेली. पुरावा? शून्य. त्याला माझ्या रजेच्या तारखा हव्या होत्या! दुसरा गृहपाठ रोज दहा मिनिटं चालण्याचा, इच्छा असो नसो. इच्छा होण्याची वाट बघत बसलो असतो तर आजही खुर्चीवरच्या कपड्यांशेजारी बसलेला असतो.

सायकिअॅट्रिस्टने गोळ्या दिल्या. मी घाबरत विचारलं, ‘सवय लागेल?’ ते म्हणाले, ‘या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण मनाने बंद करायच्या नाहीत.’ पहिले दोन आठवडे मळमळण्यापलीकडे काही जाणवलं नाही. चौथ्या आठवड्यात एक दिवस जाग आली तेव्हा सहा वाजले होते. खिडकीत उजेड होता. मी नुसता बघत बसलो.

मध्ये एकदा ‘याने काही होत नाही’ म्हणून वैतागलो आणि एक गुरुवार सरळ बुडवला. पुढच्या गुरुवारी तेच जाऊन सांगितलं, तर बाई म्हणाल्या, ‘बरं झालं बोललास, आज त्यावरच बोलू.’

आईला सांगितलं तर फोनवर आधी शांतता. मग, ‘लग्नाचं बघतोय आपण, कुणाला बोलू नकोस हं.’ आणि फोन ठेवता ठेवता, ‘गोळ्या जेवणानंतर घेतोस ना?’ दोन्ही वाक्यं एकाच मायेची, हे कळायला मला दोन गुरुवार लागले.

थाप मात्र चालूच होती. गेल्या महिन्यात टपरीवर शेजारच्या क्युबिकलमधला मित्र चहा ढवळत म्हणाला, ‘तुझा डेंटिस्ट... खरंच डेंटिस्ट आहे का रे?’

मी म्हटलं, ‘का?’

‘पूर्वी तू डबा तसाच परत न्यायचास. हल्ली खातोस. दाताने एवढा फरक पडत नाही.’ मग ग्लासात बघत म्हणाला, ‘मला पण झोप येत नाहीये. दोन महिने झाले.’

दोन महिने! तो माझ्यापासून चार फुटांवर बसतो. या काळात त्याने मला किमान आठ वेळा डेंटिस्टकडे जाताना बघितलं. थाप मी माझ्या अब्रूसाठी मारत होतो, पण तिने त्याचाही रस्ता अडवून धरला होता. समोरच्याला दाताचा त्रास असेल तर आपल्या झोपेचं कोण काढणार?

मी त्याला सगळं सांगितलं. नववा प्रश्नसुद्धा विचारला. त्याने मान हलवली, ‘नाही, तसं नाही.’ मी नंबर दिला. चहाचे पैसे त्याने दिले.

आणि गेल्या गुरुवारी साडेपाचला मी टीम लीडसमोर उभा राहिलो. तोंडात ‘डेंटिस्ट’ आलंच होतं. म्हटलं, ‘काउन्सेलरकडे जातो. दर गुरुवारी तिकडेच जातो.’ त्याने स्क्रीनवरून नजर उचलली, माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. म्हणाला, ‘मग पाचलाच निघत जा ना. वाकडला केवढं ट्रॅफिक असतं.’

अप्रेझलचं काय ते मार्चमध्ये कळेल. दात मात्र आता बरे आहेत.

ता.क. कुठे जायचं ते कळत नसेल तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास आणि मराठीतही. नवव्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘कधी कधी’ असेल तर आठ दिवस चिठ्ठी पाकिटात ठेवू नका, आजच कुणाला तरी सांगा. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, औषधं तोच देतो. काउन्सेलरला मात्र ‘तुमचं शिक्षण काय?’ हे बिनधास्त विचारा. एकाशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधा. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा असतो. फक्त तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का, ते तेवढं बघून घ्या.