चित्रकथा म्हणजे पोरखेळ काय?

दिवाळी अंक हाती आला की आमचा मराठी वाचक आधी व्यंगचित्रे पाहतो आणि मग कथेकडे वळतो. त्यात वावगे काही नाही. १९५१ साली मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ काढला, आणि त्यातल्या खिडकीचित्रांनी घरोघर हशा पिकविला. आमची तक्रार हशाविषयी नाहीच. चित्र आले की हसायचे आणि चित्रकथा आली की ती पोरांच्या हाती द्यायची, या समजाविषयी आहे.

अमेरिकेत आर्ट स्पीगलमनने आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेल्या आपल्या बापाची कहाणी चित्रांत मांडली; ज्यू उंदीर, नाझी मांजरे! त्या ‘माउस’ला १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. पण इतके दूर तरी कशाला जा?

१९०१ साली वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेला लहानगा भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरला. जायचे होते गोरेगावला. (आपल्या लोकलच्या गोरेगावला नव्हे, तिकडच्या!) जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे आणि बैल पोरांनीच हाकायचे, या बोलीवर गाडी मिळाली. शिदोरी जवळ होती, पण पाण्यावाचून रात्र उपाशी काढावी लागली.

ही तहान चितारली कोणी? भोपाळच्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याने, २०११ सालच्या ‘भीमायन’मध्ये. पुस्तक काढले दिल्लीच्या प्रकाशकाने, तेही इंग्रजीत! व्यामांनी ठरीव चौकटी झुगारल्या आणि वाडवडिलांपासून घराच्या भिंतीवर चालत आलेली नक्षी पानभर फिरविली. गोड बोलण्याचा फुगा पाखराच्या आकाराचा, आणि जिव्हारी लागणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी! आमच्या समीक्षकांना एवढे सांगायला तीन परिच्छेद लागले असते.

आम्ही मात्र १९७८ पासून ‘बलुतं’ वाचून डोळे पुसतो, आणि तसलेच काही चित्रांत काढू म्हणणाऱ्या पोराला सांगतो, “त्यापेक्षा एखादा विनोद दे की!”

मुलुंडच्या सिंधी घरांत फाळणी अजून अर्ध्या वाक्यावर थांबते. १९८२ च्या संपाने गिरणगावातून उखडलेली माणसे बोरिवलीच्या ब्लॉकमध्ये गप्प बसून म्हातारी झाली. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे गेली; त्या वस्तीत त्यानंतर जन्मलेली मुले आज मिसरूड फुटलेली आहेत. या मुलानातवंडांनी ते दुःख पाहिलेले नाही. त्यांच्या वाट्याला आले ते तुटक बोलणे, दचकणे आणि मौन. न पाहिलेले मनाशी रंगवूनच पाहावे लागते. मग त्याला चित्राइतके जवळचे दुसरे कोणते साधन आहे?

“सणासुदीला हे रडगाणे कशाला?” असे कोणी म्हणेलच. अहो, फराळाचे ताट पुढे घेऊन आजी “आमच्या वेळी...” म्हणून जे सुरू करते, ते काय विनोदी चुटके असतात? तेव्हा तर सगळे घर कान देऊन ऐकते!

संपादक म्हणतात, जागा नाही. वार्षिक भविष्यासाठी बाराही राशींना ती बरी सापडते!